जोसेप रेनाउ: परक्या रस्त्यांवर भिंती रंगवणारा स्पॅनिश चित्रकार

गेरू

स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६ च्या नोव्हेंबर महिन्यात, प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूची विमाने माद्रिदवर बॉम्बफेक करत होती आणि १६ तारखेला त्यांतले काही बॉम्ब थेट प्रादो संग्रहालयावर पडले. वेलास्केस, गोया, एल ग्रेको यांची चित्रे ट्रकमध्ये चढवून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या वालेन्सिया शहरात हलवण्याचे काम त्याच महिन्यात सुरू झाले होते. वाटेत आर्गांदा गावाजवळ एक लोखंडी पूल होता. मोठ्या चित्रांच्या पेट्या ट्रकवर उभ्या असताना त्या पुलाच्या वरच्या लोखंडी सांगाड्याखालून जाईनात, म्हणून त्या उतरवून माणसांनी पुलापलीकडे नेल्या आणि पुन्हा ट्रकवर चढवल्या. वालेन्सियाला पोचल्यावर ही चित्रे चौदाव्या शतकातल्या वेशीच्या बुरुजांत, म्हणजे तोरेस दे सेरानोस या इमारतीत ठेवण्यात आली. वास्तुविशारद होसे लिनो बामोन्दे याने तिथे आत नव्वद सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे छत ओतून घेतले आणि त्याच्यावर भाताच्या तुसाचा जाड थर पसरला, कारण वरचा मजला कोसळलाच तर त्याचा धक्का तूस पिऊन टाकते. वालेन्सियाच्या आसपास भातशेती मोठी असल्यामुळे तुसाला तोटा नव्हता.

या सगळ्या कामाची सरकारी जबाबदारी ज्याच्यावर होती तो जोसेप रेनाउ तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. प्रजासत्ताक सरकारने सप्टेंबर १९३६ मध्ये त्याला ललित कला खात्याचा महासंचालक नेमले होते. त्याच काळात पिकासोची प्रादोचा संचालक म्हणून मानद नेमणूक झाली आणि १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी भिंतभर चित्र काढावे, अशी विनंती पिकासोकडे नेणाऱ्या मंडळींतही रेनाउ होता. त्या विनंतीतून ‘गेर्निका’ जन्माला आले. कलेच्या इतिहासात रेनाउचे नाव बहुधा या एका वाक्यापुरते येते आणि लगेच पुढे सरकते. मला मात्र त्याच्या स्वतःच्या भिंतींविषयी लिहायचे आहे, कारण त्यांतली एकही भिंत त्याच्या मायदेशात नाही.

रेनाउचा जन्म वालेन्सियात १७ मे १९०७ रोजी झाला. वडील जुन्या चित्रांची डागडुजी करणारे होते आणि शहरातल्या सान कार्लोस कला अकादमीत शिकवत असत. रेनाउही तिथेच शिकला, पण पोट भरण्यासाठी आणि मनापासूनही तो वळला पोस्टरकडे. १९३२ मध्ये त्याने वालेन्सियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील लास आरेनास या स्नानगृहासाठी केलेले पोस्टर आजही स्पॅनिश ग्राफिक कलेच्या पुस्तकांत हमखास सापडते. एअरब्रशने केलेले ते काम आहे आणि त्यातले उन्हात उभे असलेले शरीर इतके गुळगुळीत आणि घोटीव आहे की ते चित्रापेक्षा धातूत घडवल्यासारखे वाटते. १९३१ मध्येच तो कम्युनिस्ट पक्षात दाखल झाला होता. पुढे ‘नुएवा कुल्तुरा’ हे नियतकालिक त्याने चालवले, फोटो कापून जोडण्याचे तंत्र, म्हणजे फोटोमोंताज, आत्मसात केले आणि युद्ध सुरू झाल्यावर पोस्टर हेच त्याचे मुख्य शस्त्र झाले.

माझ्या मते त्याची भित्तिचित्रे समजून घेण्याची किल्ली या पोस्टरच्या धंद्यातच आहे. पोस्टर काढणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असते: समोरचा माणूस थांबणार नाही. तो घाईत आहे, ट्राम पकडायची आहे, हातात पिशवी आहे, आणि त्याची नजर तीन सेकंदांपुरती आपल्याकडे वळणार आहे. संग्रहालयातल्या चित्राला थांबलेला प्रेक्षक मिळतो, पोस्टरला चालता माणूस मिळतो. रेनाउने आयुष्यभर या चालत्या माणसाचाच विचार केला.

फेब्रुवारी १९३९ मध्ये कॅटलोनिया प्रांत फ्रँकोच्या हाती पडल्यावर लाखो लोकांबरोबर रेनाउही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेला. फ्रेंच सरकारने त्यांना समुद्रकाठच्या उघड्या वाळूवर, काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले. रेनाउ आर्जेलेसच्या छावणीत होता. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या मेक्सिकोने स्पॅनिश निर्वासितांना दारे उघडली होती, आणि सुटका झाल्यावर रेनाउ मे महिन्यात ‘व्हेन्डाम’ या डच जहाजाने न्यूयॉर्कमार्गे मेक्सिकोला पोचला. त्या देशाने पुढच्या काही वर्षांत सुमारे वीस हजार स्पॅनिश निर्वासितांना आश्रय दिला.

मेक्सिकोत पोचून काही महिने होतात न होतात तोच त्याला पहिली मोठी भिंत मिळाली. मेक्सिको शहरात वीज कामगारांच्या संघटनेची नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या जिन्यात भित्तिचित्र काढण्याचे काम दाविद आल्फारो सिकेइरोस याच्याकडे आले होते. सिकेइरोस स्वतः स्पेनच्या युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढून परतला होता. त्याने मेक्सिकन आणि स्पॅनिश चित्रकारांचा एक गट केला: आन्तोनियो पुजोल, लुईस आरेनाल, मिगेल प्रिएतो, आन्तोनियो रोद्रिगेस लुना आणि रेनाउ. प्रिएतो आणि रोद्रिगेस लुना लवकरच बाहेर पडले. जे चित्र तयार झाले त्याचे नाव ‘भांडवलदार वर्गाचे व्यक्तिचित्र’.

तो जिना डोळ्यांसमोर आणा. तीन भिंती आणि वर छत, एकूण जागा सुमारे शंभर चौरस मीटर. अशा जागी प्रत्येक भिंतीवर वेगळे चित्र काढून कोपऱ्यात रेघ ओढणे सोपे असते. या गटाने कोपरे जणू नाहीतच असे मानून एकच सलग चित्र रचले. जिना चढणारा कामगार कोणत्या पायरीवर असताना त्याला काय दिसेल हे त्यांनी आधी ठरवले आणि त्याच्या बदलत्या नजरेप्रमाणे आकार ताणले किंवा आवळले. वर्तमानपत्रांतले युद्धाचे फोटो कापून, जोडून, प्रोजेक्टरने भिंतीवर टाकून त्यांवरून रेखाटने केली. खाली पोपटाच्या तोंडाचा हुकूमशहा गर्दीसमोर भाषण करतो, मध्यभागी रक्ताची नाणी पाडणारे यंत्र आहे, आणि मान वर केली की छतावर विजेचे मनोरे आकाशात चढत जातात. चढणाऱ्या माणसाचे शरीर आणि चित्राची गोष्ट एकत्र वर सरकतात.

यानंतरचा मेक्सिकोतला काळ सिनेमाची पोस्टरे, मासिकांची मुखपृष्ठे आणि पाच मुलांचा संसार यांत गेला. घरातच कौटुंबिक कार्यशाळा होती. १९४४ ते १९५० या काळात त्याने कुएर्नावाका शहरातल्या कासिनो दे ला सेल्वा या हॉटेलात ‘स्पेनकडून अमेरिकेकडे’ हे मोठे भित्तिचित्र केले. हॉटेलचा मालक मानुएल सुआरेस हा स्पेनमधूनच तरुणपणी मेक्सिकोत आलेला उद्योजक होता. १९५८ मध्ये रेनाउ पूर्व बर्लिनला गेला, तिथे दूरचित्रवाणीसाठी काम केले, अमेरिकन जीवनपद्धतीवर टीका करणारी फोटोमोंताजची मेक्सिकोत सुरू केलेली मालिका पुरी करून १९६७ मध्ये पुस्तकरूपाने छापली आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर पुन्हा भिंतींकडे वळला. हाले-नॉयश्टाट या नव्या कामगार वसाहतीत सत्तरच्या दशकात त्याची तीन प्रचंड कामे उभी राहिली. एरफुर्ट शहरातले शेवटचे काम भिंतीवर चढले तेव्हा तो हयात नव्हता. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पूर्व बर्लिनमध्ये त्याचे निधन झाले होते.

या कामांविषयी, विशेषतः तंत्राविषयी, जाणकारांनी भर घालावी अशी विनंती आहे.


उंबरठा

गेरू, लेख आवडला. तंत्राविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. आमच्या घरी मोटारगाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज होते आणि माझे लहानपण स्प्रे गनच्या आवाजात गेले. तुम्ही वर्णन केलेल्या जिन्यातले चित्र ब्रशने काढलेले नाही. सिकेइरोसने १९३० च्या दशकात मोटारींचा नायट्रोसेल्युलोजचा रंग भिंतीसाठी वापरायला सुरुवात केली होती. आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजवाल्याला तो ‘ड्युको’ या नावाने माहीत आहे.

ज्यांनी हा रंग कधी हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेलरंग वाळायला दिवस लागतात आणि चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काम करायचे तर गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचा तुकडा पुरा करावा लागतो. ड्युकोचे तसे नाही. थिनर उडून जाताच तो सुकतो, त्यामुळे एका तासात एकावर एक कितीतरी हात मारता येतात. कागदाचा स्टेन्सिल धरून फवारा मारला की कडा सुरीने कापल्यासारखी येते, आणि स्टेन्सिल थोडा दूर धरला की तीच कडा धुरासारखी विरते. फोटोतली छाया-प्रकाशाची मऊ पायरी भिंतीवर आणायला यापेक्षा सोयीचे साधन त्या काळी नव्हते. रेनाउला एअरब्रशची सवय आधीपासून होती, म्हणजे त्याच्या हाताला हे काम नवे नसणार. लास आरेनासच्या पोस्टरमधला तो धातूसारखा घोटीवपणा आणि जिन्यातल्या यंत्रांची चकाकी ही मला एकाच हाताची वाटते.

मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. बंद जिन्यात महिनोन्महिने ड्युको फवारणे म्हणजे काय, हे ज्याने थिनरचा वास घेतला आहे त्यालाच कळेल. माझे काका संध्याकाळी गॅरेजमधून बाहेर आले की अर्धा तास ओट्यावर नुसते बसून राहत, कारण डोके गरगरत असे. ज्या चित्राकडे आपण राजकीय विधान म्हणून पाहतो, त्यासाठी काही माणसांनी ती हवा छातीत भरून घेतली होती, हे मला विसरता येत नाही.


रानवाट

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एका गोष्टीला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. वीज कामगारांच्या जिन्यातले चित्र पुरे होण्याआधी, २४ मे १९४० च्या पहाटे, स्टालिनने हद्दपार केलेला रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की याच्या मेक्सिको शहरातल्या घरावर सशस्त्र हल्ला झाला. त्या हल्ल्याचे नेतृत्व सिकेइरोसने केले होते आणि पुजोल व आरेनाल हे दोघे त्यात सामील होते. ट्रॉट्स्की त्या दिवशी वाचला आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या मारेकऱ्याच्या हातून मारला गेला. म्हणजे फॅसिझमच्या क्रौर्याचे चित्र दिवसा रंगवणाऱ्या गटातली माणसे रात्री मशीनगन घेऊन एका म्हाताऱ्या निर्वासिताच्या झोपण्याच्या खोलीवर गोळ्या झाडत होती. रेनाउ स्वतःही निर्वासित होता. पुढे तो अशा देशात जाऊन राहिला जिथे त्याच्या आगमनानंतर तीन वर्षांत लोकांना बाहेर पडता येऊ नये म्हणून भिंत बांधली गेली. भिंतींच्या चित्रकाराविषयी लिहिताना या भिंतीचा उल्लेख नसावा, हे मला खटकले.


गेरू

रानवाट, आपला आक्षेप योग्य आहे आणि तो लेखातच यायला हवा होता.

हल्ल्यानंतर सिकेइरोस भूमिगत झाला, गट फुटला आणि अर्धवट राहिलेले चित्र पुरे करण्याची जबाबदारी रेनाउवर आली. त्याने ते पुरे केले. मधल्या काळात संघटनेने काही भागांवर हरकत घेतली होती. युद्धात मारल्या गेलेल्या मुलांची चित्रे रोज जिना चढताना पाहणे सभासदांना नकोसे वाटत होते, आणि रेनाउने तो भाग बदलला. मी या बदलाचा बराच विचार केला आहे. ती मुले स्पेनमधल्या फोटोंतून आलेली होती. युद्ध हरून नुकत्याच आलेल्या माणसाला त्या फोटोंपेक्षा जवळचे काही असणे शक्य नव्हते, तरी त्याने इमारतीत रोज वावरणाऱ्यांचे ऐकले. हा पक्षाच्या शिस्तीचा भाग होता की चालत्या माणसाविषयीच्या आदराचा, याचे उत्तर मी देणार नाही, परंतु पोस्टरवाल्याला गिऱ्हाइकाचे ऐकावे लागते हा अनुभव त्यामागे नक्कीच असावा.

पूर्व जर्मनीविषयी माझे मत आपल्याइतकेच कठोर आहे. रेनाउने त्या राजवटीसाठी काम केले, तिच्या स्थापनेचे गौरवचित्र हाले-नॉयश्टाटमध्ये केले, आणि अमेरिकेतला वर्णद्वेष व युद्धखोरी ज्या धारदार कात्रीने कापून दाखवली ती कात्री स्वतःच्या अंगणात कधी चालवली नाही. ही त्याच्या कामातली खरी उणीव आहे. तरीही तिथे त्याला मोकळे रान मिळाले असे समजू नये. भिंतीसाठी केलेले त्याचे सगळेच आराखडे प्रत्यक्षात आले नाहीत. हाले-नॉयश्टाटची कामे उभी राहिली तेव्हा तो साठीच्या पुढे होता.


पाणकणीस

दोन्ही बाजू वाचल्या. तिसरी एक बाजू राहून गेली आहे. सिकेइरोस गेल्यावर जिन्यातले चित्र रेनाउने ‘पुरे केले’ असे लिहिले गेले आहे. ते त्याने एकट्याने पुरे केले नाही. त्याच्याबरोबर त्या मचाणावर त्याची पत्नी मानुएला बायेस्तेर होती.

मानुएला १९०८ मध्ये वालेन्सियातच जन्मली, त्याच अकादमीत शिकली आणि स्वतंत्रपणे नावारूपाला आलेली चित्रकार होती. १९३६ च्या निवडणुकीत डाव्या पक्षांच्या लोकआघाडीला मत देण्याचे आवाहन करणारे तिचे पोस्टर प्रसिद्ध आहे. युद्धकाळात वालेन्सियातल्या फॅसिस्टविरोधी स्त्रियांच्या ‘पासियोनारिया’ या नियतकालिकाची ती संपादक होती. मेक्सिकोला ती गेली तेव्हा बरोबर मुले होती, आई होती, बहिणी होत्या. ज्या कौटुंबिक कार्यशाळेचा गेरू यांनी एका वाक्यात उल्लेख केला, तिथे सिनेमाच्या पोस्टरांची मुदत सांभाळणे, मुलांच्या शाळा पाहणे, आलेल्या पाहुण्यांना जेवू घालणे आणि कुएर्नावाकाच्या भिंतीवर रंगही लावणे हे सगळे तिच्या दिवसात बसवलेले असे. त्यातून वेळ काढून तिने मेक्सिकोच्या वेगवेगळ्या भागांतल्या पारंपरिक पोशाखांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यांची काळजीपूर्वक रेखाटने केली. लुगड्याच्या काठातली वीण जसे कुणी मोजून काढावी तशी तिने भरतकामाची नक्षी उतरवून घेतली आहे.

१९५९ मध्ये तीही पूर्व बर्लिनला गेली. तिथे काही वर्षांतच दोघे वेगळे झाले, आणि ती रेनाउनंतर बारा वर्षे जगून १९९४ मध्ये त्याच शहरात वारली. सामूहिक कलेचा आग्रह धरणाऱ्या माणसांच्या चरित्रांत घरातल्या सामूहिक श्रमाला एक ओळही मिळू नये, याचे मला वाईट वाटते. भित्तिचित्राला अनेक हात लागतात हे आपण मान्य करतो, मग त्या हातांची नावे लिहिण्यात कंजूषी करू नये.


चुनखडी

पाणकणीस यांच्याशी पूर्ण सहमत.

मला त्या भिंतींचे पुढे काय झाले याविषयी लिहायचे आहे, कारण मी स्वतः जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे. कॅनव्हासवरचे चित्र संकटात गुंडाळून नेता येते. ‘गेर्निका’ दशकानुदशके देशोदेशी फिरले आणि शेवटी सप्टेंबर १९८१ मध्ये स्पेनला पोचले. त्याच १९३७ च्या दालनात जोआन मिरोने जिन्याजवळच्या भिंतीवर ‘कापणी करणारा’ हे भव्य चित्र प्रत्यक्ष फळ्यांवर रंगवले होते. दालन उतरवल्यानंतर ते हरवले आणि आज त्याचे फक्त काळे-पांढरे फोटो उरले आहेत. भिंतीवरच्या चित्राचे नशीब इमारतीच्या नशिबाशी बांधलेले असते.

कुएर्नावाकातल्या हॉटेलाचे तसेच झाले. त्या आवारात फेलिक्स कान्देला या वास्तुविशारदाने पातळ काँक्रीटची कवचासारखी छपरे उभारली होती. तोही १९३९ मध्येच मेक्सिकोला आलेला स्पॅनिश निर्वासित. म्हणजे ते हॉटेल निर्वासितांच्या हातांची एक वहीच होती. २००१ मध्ये ती जागा मोठ्या दुकानाच्या बांधकामासाठी विकली गेली. शहरातल्या लोकांनी झाडे आणि भित्तिचित्रे वाचावीत म्हणून आंदोलन केले, अटका झाल्या, तरी बहुतेक इमारती पाडल्या गेल्या.

हाले-नॉयश्टाटमधल्या तीनपैकी दोन भिंती शिल्लक आहेत. शिक्षण संकुलातल्या इमारतींच्या जिन्यांच्या मनोऱ्यांवर तळापासून माथ्यापर्यंत त्या चढत जातात. एकीवर वर मार्क्सचे प्रचंड डोके आहे, दुसरीचा विषय माणसाने काबूत आणलेल्या निसर्गशक्ती आणि तंत्रज्ञान हा आहे. तरुणाईच्या वाटचालीचे तिसरे चित्र ज्या इमारतीवर होते ती पुढे पाडली गेली.

इथे उंबरठा यांच्या मुद्द्याला जोड द्यायची आहे. मेक्सिकोतला ड्युको रेनाउने जर्मनीत उघड्यावर वापरला नाही. तिथे हिवाळ्यात भिंतीत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि रंगाचा पापुद्रा उचलून टाकते. त्यामुळे चित्र टाइल्सवर रंगवून भट्टीत भाजून घेतले गेले. रंग झिलईत वितळून टाइलचाच भाग झाला की त्याला ऊन आणि दंव काही करू शकत नाही. अडचण येते ती मागच्या बाजूला. टाइल आणि भिंत यांच्यामध्ये पाणी गेले, सिमेंटची पकड सुटली की टाइल हलक्या हाताने ठोकल्यावर पोकळ वाजते. असा ‘डब’ आवाज आला की आमच्या पोटात गोळा येतो, कारण ती एक पडली की शेजारच्या सैल होतात. अशा भिंतीला दर काही वर्षांनी एकेक टाइल ठोकून ऐकणारा माणूस लागतो. कला कितीही क्रांतिकारक असली तरी ती टिकते या कंटाळवाण्या कामावर. प्रादोची चित्रे तुसाच्या थराखाली ठेवण्याच्या कामात ज्या माणसाचा वाटा होता, त्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती.


गेरू

चुनखडी, मनापासून आभार. प्रादोच्या चित्रांचा उल्लेख केलात म्हणून त्या कामाचा शेवटही नोंदवतो. ही चित्रे पुढे वालेन्सियाहून कॅटलोनियात हलवली गेली. त्या प्रवासात १९३८ मध्ये बेनिकार्लो गावात एक बाल्कनी ट्रकवर कोसळून गोयाचे ‘दोन मे’ वाईट रीतीने फाटले. फेब्रुवारी १९३९ मध्ये, हजारो निर्वासित त्याच रस्त्यांनी पायी चालत असताना, ट्रकांचा ताफा फ्रान्समार्गे जिनिव्हाला पोचला आणि युद्धानंतर चित्रे प्रादोत परतली. ती वाचवणाऱ्या समितीचा प्रमुख, चित्रकार तिमोतेओ पेरेस रुबियो, परतू शकला नाही. तो ब्राझीलमध्ये परागंदा अवस्थेतच वारला. रेनाउने पहिल्यांदा स्पेनमध्ये पाऊल टाकले ते फ्रँकोच्या मृत्यूनंतर, १९७६ मध्ये, सदतीस वर्षांनी. तेव्हापासून तो बर्लिन आणि वालेन्सिया यांच्यामध्ये येजा करत राहिला आणि आपला संग्रह त्याने वालेन्सियाच्या हवाली केला. पोस्टरे, फोटोमोंताज, आराखडे हे सगळे परत गेले. भिंती जिथल्या तिथे राहिल्या.

एरफुर्टच्या भिंतीविषयी कुणी प्रत्यक्ष पाहून लिहिले तर फार बरे होईल.


सांजसावली

मी गेली काही वर्षे नोकरीनिमित्त एरफुर्टमध्ये राहते. या भिंतीवरून मी कितीतरी वेळा गेले आहे, पण ती कुणाची हे हा धागा वाचेपर्यंत मला ठाऊक नव्हते, हे प्रांजळपणे सांगते. कालच्या रविवारी मुद्दाम गेले.

आधी माहिती. चित्राचे नाव ‘माणसाचे निसर्गाशी आणि तंत्रज्ञानाशी नाते’ असे आहे. ते सात मीटर उंच आणि तीस मीटर लांब असून काचेच्या छोट्या तुकड्यांचे, म्हणजे मोझेकचे आहे. रेनाउने १९८० मध्ये आराखडा हाती घेतला आणि त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी तो पुरा करून १९८४ मध्ये मोस्काउअर प्लाट्झ या वसाहतीतल्या सांस्कृतिक केंद्राच्या दर्शनी भागावर बसवला. जर्मनी एक झाल्यावर ते केंद्र ओस पडत गेले आणि २०१२ मध्ये पाडले गेले. मोझेक मात्र त्याआधी तुकड्या-तुकड्यांनी उतरवून ठेवले होते. एका प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने त्याची दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये ते त्याच परिसरात नव्या स्वतंत्र भिंतीवर पुन्हा उभे राहिले. आता त्याच्या मागे इमारत नाही. फक्त चित्रासाठी उभी केलेली भिंत आहे.

भोवती काँक्रीटचे उंच गृहसंच आहेत आणि समोर दुकानांची रांग. माझ्याबरोबर कुणी थांबून ते पाहत नव्हते. म्हातारी माणसे हातगाडी ओढत बाजारातून परतत होती, एक बाई बाळाला बाबागाडीतून नेत होती, दोन मुले सायकलवरून भिंतीच्या कडेने गेली. मी जवळ गेले तेव्हा नुसते रंगीत चौकोन दिसले, निळ्याशेजारी निळा, पण एकही निळा दुसऱ्यासारखा नाही. मागे सरकत रस्त्याच्या पलीकडे गेले तेव्हा त्या चौकोनांतून निसर्गातले वळणदार आकार आणि तंत्रज्ञानाच्या कोनदार, स्फटिकासारख्या आकृती एकमेकींत शिरताना दिसू लागल्या. जिन्याविषयी गेरू यांनी जे लिहिले होते ते आठवून मी भिंतीला समांतर, नेहमी कामावर जाते त्या वेगाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि पावले मोजली. बेचाळीस भरली. वळणदार रेषा माझ्याबरोबर वाहत येतात आणि कोनदार आकार मध्येच पाय अडखळावा तसे थांबवतात, हे उभे राहून लक्षात आले नव्हते. उलट दिशेने परत चालले तेव्हा क्रम बदलला आणि चित्र वेगळे वाटले.

बाजारातून परतणाऱ्या एका आजींना मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारले की हे चित्र जुन्या जागी असताना त्यांनी पाहिले होते का. त्या म्हणाल्या की त्यांच्या मुलीने त्या केंद्रात नाच शिकला होता, आणि भिंत परत आली तेव्हा त्या खिडकीतून रोज तुकडे बसताना पाहत असत. मी चित्रकाराचे नाव सांगितले आणि तो स्पेनमधून आलेला निर्वासित होता असेही सांगितले. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि भिंतीच्या कडेने घरी निघाल्या.